हातात घेतल्यावर किंमत

झेफिरा बाजारात आला त्या आठवड्यात टीव्हीवर तीन शहाणे बसले होते आणि तिघेही एकच दळण दळत होते. एवढी किंमत वाढवली तर हा व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल खपेल का?

पहिला म्हणाला, चिप महाग झाल्या, कंपनीचा नाइलाज आहे. दुसरा म्हणाला, मागच्या वेळी भाव वाढले तेव्हा लोकांनी जुन्यावरच भागवलं, या वेळी विक्री साफ आपटणार. तिसरा नुसती मान डोलवत होता. त्याचेही त्याला पैसे मिळत असणार. मी पोळ्या लाटत होते, आणि लाटणं हातात असताना असली माणसं माझ्यासमोर आणू नयेत.

मी शलाका आळतेकर. सांगलीत एका शाळेत भूगोल शिकवते, विश्रामबागेत वडिलांबरोबर राहते. माझं डोकं लवकर तापतं असं सगळे म्हणतात. म्हणू देत. झाल्या गोष्टी आज मला पहिल्यापासून, एकही न गाळता आठवायच्या आहेत. आज ते भाग आहे.

तर त्या तिघांपैकी एकालाही कळलं नव्हतं की कंपनीनं किंमत वाढवली नव्हती, किंमत काढूनच टाकली होती. झेफिराच्या खोक्यावर आकडाच नव्हता. ‘हातात घ्या, मग किंमत सांगू’ एवढंच छापलं होतं. लोकांना गंमत वाटली आणि रांगा लागल्या.

मला त्या कन्सोलशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवा होता तो तात्यांसाठी.

तात्या म्हणजे माझे वडील. मिरजेपासून इस्लामपूरपर्यंत कुठंही कॅरमची स्पर्धा असली की ‘आळतेकर आलेत का?’ हे आधी विचारलं जायचं. ते आलेत म्हटल्यावर निम्मी पोरं दुसऱ्या नंबरासाठी खेळायची. मग त्यांना कंपवात झाला. आधी बशीत कप वाजायला लागला, मग बँकेत सही जुळेना. एक दिवस त्यांनी बोर्ड उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि बोरिक पावडरचा डबा माझ्या हातात दिला. “मुंग्यांना टाक,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या बोर्डाकडे पाहिलं नाही. दिवसभर खिडकीत बसायचे, एका हातानं दुसरा हात धरून.

झेफिराचं सगळं नवल त्याच्या हातमोज्यात होतं. मेंदूनं हात हलवायचा हुकूम सोडला की हात प्रत्यक्ष हलण्याआधीच स्नायूंत अगदी क्षीण वीज खेळते. हातमोज्यातले संवेदक ती टिपतात. कंपवाताची थरथर ठरावीक लयीत येते, एका सेकंदात चारपाचदा. माणसाला स्वतःहून जी हालचाल करायची असते तिला अशी लय नसते. यंत्र या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढतं, थरथर टाकून देतं, आणि उरलेला हेतू तेवढा पडद्यावरच्या हाताला देतं. आपला हात कापत राहतो, पण पडद्यावरचा कापत नाही.

बनवणाऱ्यांनी हे म्हाताऱ्यांसाठी केलं नव्हतं. बंदुकीच्या खेळात पोरांचा नेम चुकू नये म्हणून केलं होतं. पण त्यात कॅरमही होता.

मी तात्यांना रिक्षात घालून दुकानात नेलं. ते कुरकुरत आले. दुकानातल्या मुलीनं, गळ्यात कंपनीचा पट्टा, चेहऱ्यावर कंपनीचं हसू, त्यांच्या हातात मोजा चढवला. “काका, हात सैल ठेवा.” पडद्यावर बोर्ड उमटला. तात्यांनी बोट मागे घेतलं. खरा हात पानासारखा थरथरत होता. पडद्यावरचा हात स्ट्रायकरमागे दगडासारखा थांबला, मग सुटला. क्वीन कोपऱ्यात गेली. पुढच्या फटक्याला पांढरी सोंगटी तिच्या मागोमाग.

“कव्हर,” तात्या म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, “अगं, बोर्ड गुळगुळीत आहे गं!”

मी किती वर्षांनी त्यांना हसताना पाहत होते, ते मोजायची मला हिंमत झाली नाही. डोळे पुसते आहे तोवर पडद्यावर आकडा चढायला लागला. चढत गेला. दोन लाख ऐंशी हजारांवर थांबला.

“काका, ही तुमच्यासाठीची खास किंमत!” मुलगी म्हणाली.

खास! शेजारच्या काउंटरवर एक बाई भाच्याच्या वाढदिवसासाठी तोच कन्सोल घेत होती. तिला साठ हजारांत मिळाला. मी मुलीला विचारलं, हा काय प्रकार आहे? तिला बिचारीला पाठ करून दिलेलं तेवढंच येत होतं. बाकीचं मी नंतर वाचून काढलं.

जे यंत्र आपोआप होणारी आणि मुद्दाम केलेली हालचाल वेगळी काढतं, ते उलटंही करू शकतं. मुद्दाम केलेलं टाकायचं, आपोआप झालेलं ठेवायचं. हवीशी वस्तू हातात आली की आपल्या नकळत बोटं आत वळवणारे स्नायू जागे होतात. नकोशी असेल तर बाहेर लोटणारे. तळव्याला घाम येतो, नाडी बदलते. समोर आकडा चढत असतो, आणि कोणत्या आकड्याला आपली पकड सुटते ते हातमोजा बघत असतो. त्या आकड्याच्या एक पायरी अलीकडे तो थांबतो. ती आपली किंमत. खिसा मोजायची त्याला गरजच नव्हती, खिशासाठी हप्ते होते. तो फक्त ओढ मोजत होता.

म्हणजे ज्याला वस्तूची सगळ्यांत जास्त गरज, त्याला ती सगळ्यांत महाग. आणि हे करणाऱ्यांना टीव्हीवर कल्पक म्हणत होते. विक्रीवर परिणाम होईल का म्हणे! माणूस सोडून देणार नाही इतपतच पिळायचं हे ज्याला नेमकं कळलं, त्याची विक्री कशाला पडेल?

मी स्वतः हात घालून पाहिला. तात्यांपेक्षा वीस हजारांनी जास्त आला.

“राहू दे,” तात्या म्हणाले आणि मोजा काढून दिला. रिक्षात ते पुन्हा एका हातानं दुसरा धरून बसले.

आता आमच्या घरात खरेदीची एक रीत आहे. ज्याला वस्तू हवी त्यानं मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, दुसरीकडे कुठंतरी बघायचं. पुढं बेबीआत्या. ही तात्यांची धाकटी बहीण. कापड पेठेतल्या दुकानदारांना तिचा चेहरा माहीत आहे. पैठणी दाखवा, ती चिमटीत धरून असं तोंड करणार की विणणाऱ्यालाच लाज वाटावी. मग म्हणणार, “चला गं, पुढं बघू,” आणि दाराशी जाऊन चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावणार. तेवढ्यात मागून हाक येतेच, “ओ ताई, या, शेवटचं बोला.” माझ्या आईची सगळी लुगडी, माझं सोनं, तात्यांचा तो कॅरम बोर्डसुद्धा आत्यानंच असा पाडून घेतलेला.

शिवाय आत्या तात्यांशी बोलत नव्हती. मिरजेच्या घराच्या वाटणीवरून सहा वर्षं दोघांचं तोंड बंद होतं. तात्यांचं नाव निघालं की ती म्हणायची, “मला काय त्याचं?” मला वाटलं, याच्याहून चांगलं काय! तात्यांसाठी काही वाटत नसलेलं आणि घासाघिशीत मुरलेलं माणूस आपल्या घरातच आहे.

मी तिला सांगितलं, शाळेसाठी घ्यायचा आहे. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, “बरं. चल.”

दुकानात तिनं मोजा असा उचलला की जणू कुणाचा तरी पायमोजाच. “कसलं गं ह्ये? नुसतं रबर. वास मारतंय.” हात घातला. तोंड वाकडं, भुवई वर, नजर पंख्याकडे. कापड पेठ असती तर दुकानदार इथंच खाली आला असता.

आकडा चढला. माझ्या आकड्याच्या पुढं गेला. मला वाटलं, आता थांबेल. चार लाख दहा हजारांवर थांबला.

काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. आकडा पडद्यावर हातभर उंच होता.

“बिघडलंय तुमचं मशीन,” आत्या म्हणाली.

“नाही मॅडम, ही तुमच्यासाठीची खास किंमत.”

“चल गं शलाका. कोल्हापुरात बघू.” ती दाराकडे निघाली. दाराशी थांबली. खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिली. मग दुसऱ्या पायाचा. मागून हाक आली नाही. मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाला मोजा चढवत होती. यंत्राला तोंड वाकडं केलेलं दिसत नव्हतं, ते त्यानं थरथरीसारखं गाळून टाकलं होतं. त्याला आतलं तेवढं दिसलं होतं, आणि आतलं माणूस कधी दाराशी गेलंच नव्हतं.

आत्या सरळ झाली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, उघडा पडलेला.

“शाळेसाठी म्हणं,” ती म्हणाली. “कॅरमचं चित्र दिसलं मला त्या खोक्यावर. दादाला सांगितलंस तर याद राख.”

सहा वर्षं तिनं जे भावाला कळू दिलं नव्हतं, नवऱ्याला नाही, मला नाही, ते त्या रबरानं भर दुकानात टांगलं. मी तिला परत रिक्षात बसवलं.

मग निनाद आला. हा माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो, चांगलं कमावतो. दर रविवारी तात्यांना फोन करतो आणि फोनवर त्याचा गळा भरून येतो. “तात्या, तुम्ही फक्त सांगा.” तो म्हणाला, “ताई, तुम्ही लोक उगाच घोळ घालता. मी येतो, मी घेतो.” मला वाटलं, याला तर यंत्र पाच लाख सांगणार. पण त्याला पाच लाख जड नाहीत. घेऊ दे.

त्यानं हात घातला. आकडा चढायला लागला आणि अकरा हजारांवर थांबला.

मी वाट बघत राहिले. पुढं काही होईना.

“अभिनंदन सर!” मुलगी म्हणाली. “एवढी कमी किंमत आमच्याकडं अजून कुणाला आली नाही.”

आणि निनाद हसला. खूश होऊन, माझ्याकडे बघून, टाळीसाठी हात पुढं करून हसला. “बघ! म्हटलं नव्हतं?”

पार्किंगमध्ये त्यानं खोकं गाडीत ठेवलं आणि मी त्याला गाठलं.

“दर रविवारी रडतोस ते काय असतं रे?”

“काय झालं?”

“अकरा हजार झालं! आत्याला चार लाख आले, जी त्यांच्याशी बोलत नाही. आणि तू पोटचा पोरगा.”

त्याला तेव्हा कुठं समजलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं. “स्वस्तात मिळाला ना? मग?”

“तेच तर!”

“ताई, मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही. माझ्या लग्नाचं नाही, कामाचं नाही. यात तात्यांचा काय संबंध?” तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. “फोनवर येतं रडू. खरंच येतं. नंतर काही नसतं.”

कदाचित तो खरं बोलत असेल. मी त्याचं ऐकून घेतलं नाही. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याच्या कोरडेपणामुळेच ते खोकं आपल्याला मिळालं हेही कळत होतं. भाऊ उघडा पडला आणि आपण त्याचा फायदा घेऊन घरी निघालो, याच्याइतकं संतापजनक दुसरं काही असेल तर मला सांगा.

घरी तात्यांनी खोक्यावरून हात फिरवला. “केवढ्याला मिळाला रे?”

“सवलत होती तात्या,” मी म्हणाले.

तात्यांनी स्वतःच्या हातावर ती किंमत चढताना पाहिली होती. ते अडाणी नव्हते. त्यांनी निनादकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “बरं झालं. जेवून जा.”

पहिला महिना मी कधी विसरणार नाही. शाळेतून आले की आतून स्ट्रायकरचा टक आवाज. तात्या जगभरच्या लोकांशी खेळत होते, ब्राझीलच्या कुणाला तरी त्यांनी तीन डावांत झोपवलं. जेवण वाढलं होतं त्यांचं. मी त्यांच्यामागं उभी राहून बघायची. एका दुपारी बेबीआत्या भडंगाची पिशवी घेऊन दारात उभी. कुणी बोलावलं नव्हतं. सरळ आत गेली, पडद्याकडे पाहिलं आणि सहा वर्षांनी भावाला पहिलं वाक्य बोलली, “ती काळी आधी घ्यायची होती.” तात्या म्हणाले, “तू खेळून दाखव.” वाटणीचा विषय निघाला नाही.

महिना संपला. पडद्यावर ओळ आली: पुढच्या महिन्याचं शुल्क ठरवण्यासाठी या घरात राहणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीने हातमोजा घालावा. पुण्याचा हात चालणार नव्हता, आत्याचा चालणार नव्हता. महिनाभर खेळून चटक लागलेल्या तात्यांचा हात तर घालायचीही सोय नव्हती. उरले मी. जोडीतला दुसरा मोजा चढवला. तात्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

अडतीस हजार. महिन्याला! घरखर्च निघून माझ्या पगारात काही उरलंच नसतं.

तेव्हा माझं डोकं फुटलं. दाराशी वाकून चप्पल नीट करणारी आत्या आठवली. ‘अभिनंदन सर’ आठवलं. आधी चटक लावायची, म्हाताऱ्याचा हात त्याला परत द्यायचा, आणि मग तोच हात पिरगाळायचा! मला तो कन्सोल खिडकीतून खाली फेकायचा होता. खरोखर फेकायचा होता, तात्या खेळोत न खेळोत. मी मोजा ओढायला लागले.

आणि आकडा उतरायला लागला.

तीस हजार. वीस. बारा. यंत्राला कळलं होतं, हे घर हातचं चाललं. मागून हाक आली होती, ओ ताई, या, शेवटचं बोला. फक्त ती हाक खऱ्या निघून जाण्यालाच येत होती. पाच हजार. दोन. नऊशे.

“अगं उतरतंय! शलाका, उतरतंय!” तात्या ओरडले. मी त्यांच्याकडे वळले. ते खुर्चीतून अर्धे उठले होते, तोंड लहान पोरासारखं उघडं.

माझा राग गेला. कसा राहणार? आकडा परत चढला. वीस, तीस, अडतीस.

मग मी रागाचं नाटक करून पाहिलं. दात आवळले, शिव्या दिल्या, मूठ आपटली. यंत्रानं ते सगळं गाळून टाकलं. शेवटी मी म्हणाले, “तात्या, तुम्ही जरा बाहेर बसा.” ते गेले. मी डोळे मिटून दुकान आठवलं, पहिल्यापासून, एकेक गोष्ट. आकडा नऊशेवर आला तेव्हा मी हो म्हटलं.

तेव्हापासून दर महिनाअखेरीला हेच, फक्त आता आकडा मी माझ्या खोलीत मोबाइलवर बघते. आणि एक दिवस राग आणून भागत नाही, हे मला लवकर समजलं. तात्यांना खेळताना बघितलं की त्या महिन्याचा आकडा वाढतो. म्हणून मी बघत नाही. ते खेळायला बसले की मी गच्चीत कपडे आणायला जाते, नाहीतर वह्या तपासायला. आत्या रोज येते, दोघं आत भांडत खेळतात, खिदळतात. मी स्वयंपाकघरातून चहा दाराशी ठेवते. तात्यांना वाटतं, पोरगी कंटाळली. एकदा त्यांनी विचारलंही, “तुला आवडत नाही का गं मी खेळलेलं?” मी म्हणाले, “कामं असतात.” काय सांगणार?

दिवाळीला निनादचा फोन आला. डॉक्टरांकडे जायला लागलाय म्हणाला. गोळ्या चालू आहेत, हल्ली जरा बरं वाटतं. “ताई, त्या दिवशीचं चुकलं माझं. घरी येऊ?” त्याचा आवाज खरा होता. एवढं मला यंत्राशिवायही कळतं. मी म्हणाले, “नको येऊस,” आणि फोन ठेवला. निनादला माफ करणं मला परवडत नाही. त्याचं ते हसू माझ्याकडे आहे तोवर शुल्क हजाराच्या आत राहतं.

काल ते तीन शहाणे पुन्हा टीव्हीवर आले होते. इतका महाग कन्सोल, आणि आजवरची सगळ्यांत जास्त विक्री! पहिला म्हणाला, ग्राहक समाधानी आहे. तिसरा मान डोलवत होता.

आज महिनाअखेर. म्हणून हे सगळं आठवून काढलं, टीव्हीवाल्यांपासून. आता बऱ्यापैकी तापले आहे.

आतून टक आवाज आला. मग तात्यांची हाक, “शलाका! क्वीन घेतली गं, कव्हरसकट! कडेनं फिरवून! ये की बघायला!”

“ती काय येतीया,” आत्याचा आवाज. “पण शॉट भारी होता हं दादा.”

पाय दाराकडे निघाले होते. मी थांबवले.

“हात ओले आहेत माझे,” ओरडून सांगितलं. मग खोलीचं दार लावून घेतलं, मोजा चढवला, आणि निनाद टाळीसाठी हात पुढं करून कसा हसला होता ते आठवायला लागले.